सत्तरचे नव्हे, ऐंशीचे दशक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांचा सुवर्णकाळ म्हणजे गेल्या शतकातील सत्तरचे दशक, असे ठाम प्रतिपादन करणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. लेखकाची या मालिकांवरची माया ओळीओळीतून जाणवते आणि ‘फॉल्टी टॉवर्स’विषयी त्यांनी जे लिहिले आहे त्यातला एक शब्दही खोडावा असे मला वाटत नाही. मतभेद आहे तो निष्कर्षाशी. माझ्या मते हा मान ऐंशीच्या दशकाचा आहे.

आधी हिशेबाचा मुद्दा. ‘स्टेप्टो अँड सन’ ही मालिका लेखकाने सत्तरच्या दशकाच्या खात्यात जमा केली आहे. रे गॅल्टन आणि ॲलन सिम्पसन यांची ही भंगारवाल्या बापलेकांची गोष्ट १९६२ मध्ये सुरू झाली आणि १९६५ पर्यंत तिचे म्हणणे मांडून झाले होते. १९७० ते १९७४ या काळातले तिचे पुनरागमन कितीही रंगीत असले तरी एकमेकांवाचून राहता येत नाही आणि एकमेकांबरोबर जगताही येत नाही, अशी दोन माणसे एका छपराखाली कोंडण्याची युक्ती साठच्या दशकातली आहे. ‘डॅड्स आर्मी’ १९६८ ची असली तरी तिचे बहुतेक भाग सत्तरच्या दशकातले, त्यामुळे ती त्यांच्याकडे राहू द्यावी. जनमताचा कौल म्हणाल, तर २००४ मध्ये बीबीसीने घेतलेल्या मतदानात पहिला क्रमांक १९८१ मध्ये सुरू झालेल्या ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’ला आणि दुसरा १९८३ च्या ‘ब्लॅकॲडर’ला मिळाला, ‘फॉल्टी टॉवर्स’ पाचवी आली. उलट २००० मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जाणकारांकडून करून घेतलेल्या यादीत सर्वच प्रकारच्या ब्रिटिश कार्यक्रमांत ‘फॉल्टी टॉवर्स’ अव्वल ठरली होती. तेव्हा मतदानाचा आधार दोन्ही बाजूंना घेता येतो आणि म्हणूनच तो फारसा कामाचा नाही.

खरी अडचण वेगळी आहे. सत्तरच्या दशकाची बाजू मांडणारे नेहमी तीच चार-पाच नावे घेतात: जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांच्या ‘फॉल्टी टॉवर्स’चे ते बारा भाग, सहा १९७५ चे आणि सहा १९७९ चे, तुरुंगाच्या कोठडीत एक रात्र दोन कैद्यांच्या नुसत्या गप्पांवर अख्खा भाग पेलून नेणारी ‘पॉरिज’, लिओनार्ड रॉसिटर यांची ‘रायझिंग डॅम्प’. ही नावे मोठीच आहेत. पण त्याच पडद्यावर, त्याच प्रेक्षकांसमोर, १९७२ ते १९७६ या काळात ‘लव्ह दाय नेबर’ चालत होती, ज्यात शेजारच्या कृष्णवर्णीय कुटुंबाला उद्देशून शिव्या देणे हाच विनोद होता. गोरा शेजारी शेवटी तोंडघशी पडतो, असा तिचा बचाव केला जातो. परंतु प्रेक्षागृहातला हशा त्याच्या फजितीला नव्हे, त्या शिवीलाच येत असे, हे कोणताही भाग पाहिल्यास ध्यानात येईल. आणि मराठी वाचकांच्या अगदी जवळचे उदाहरण द्यायचे तर ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ घ्यावे. ‘डॅड्स आर्मी’च्याच जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट या जोडीने लिहिलेली ही मालिका १९४५ सालच्या देवळालीच्या लष्करी तळावर सुरू होते. तिच्यातल्या रंगी राम या प्रमुख भारतीय सेवकाची भूमिका मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने चेहरा रंगवून केली. बेट्स यांचा जन्म झाशीचा होता आणि त्यांना इथली भाषा येत असे, हे मान्य; तरीही जी मालिका बीबीसी आज स्वतः पुन्हा दाखवत नाही, ती सुवर्णकाळाच्या हिशेबातून अलगद वगळता कशी येईल? दशकाचा निवाडा करायचा तर त्याच्या सरासरी पिकावरही नजर टाकायला हवी.

आता ऐंशीच्या दशकाकडे येतो, आणि त्यासाठी मुद्दाम एक कमी गाजलेली जोडी घेतो. ‘द गुड लाइफ’ (१९७५ ते १९७८) आणि ‘एव्हर डिक्रीझिंग सर्कल्स’ (१९८४ ते १९८९) या दोन्ही मालिकांचे लेखक तेच, जॉन एस्मंड आणि बॉब लार्बी. दोन्हींचा नायकही तोच, रिचर्ड ब्रायर्स. पहिलीत टॉम गुड हा गृहस्थ चाळिशीत नोकरी सोडून सर्बिटन या उपनगरात घराच्या मागे शेती करू लागतो. तो बायकोला गृहीत धरतो, शेजाऱ्यांना वेठीला धरतो आणि मालिका मात्र त्याचे सगळे अपराध पोटात घालते. दुसरीत ब्रायर्स यांचा मार्टिन ब्राइस हा गल्लीतल्या सगळ्या समित्या एकहाती चालवणारा माणूस आहे. घरात शिरताना-निघताना टेलिफोनचा रिसीव्हर उलटा फिरवून ठेवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. शेजारी देखणा, सहज यश मिळवणारा पॉल राहायला येतो आणि मार्टिनचे आयुष्य हळूहळू कुरतडले जाऊ लागते. पॉल त्याच्याशी कधीही दुष्टपणे वागत नाही, आणि मार्टिनची खरी पंचाईत तीच आहे. त्याची बायको ॲन हे सगळे पाहते, समजते आणि तरी त्याच्यावर प्रेम करते. पेनेलोपी विल्टन यांनी ही तारेवरची कसरत ज्या संयमाने केली आहे तिला तोड नाही. तेच लेखक, तोच नट, तसेच उपनगर. पण पहिल्या मालिकेत गंमत आहे आणि दुसरीत माणूस आहे.

‘येस मिनिस्टर’ १९८० साली आली आणि राज्ययंत्रणा हा विनोदाचा विषय म्हणून पहिल्यांदा इतक्या गांभीर्याने हाताळला गेला. अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी मंत्र्याचा पक्ष शेवटपर्यंत सांगितला नाही, कारण सरकार कोणाचेही असले तरी खात्याचे सचिव सर हम्फ्रीच ते चालवणार, हाच तर विषय होता. १९८१ च्या एका भागात मंत्री हॅकर एका नव्याकोऱ्या रुग्णालयाला भेट देतात. तिथे शेकडो प्रशासकीय कर्मचारी आहेत, सारे विभाग झकास चालले आहेत, स्वच्छता वाखाणण्याजोगी आहे आणि रुग्ण मात्र एकही नाही. व्यवस्थापक बाई त्यांना इतक्या अभिमानाने सगळे फिरवून दाखवतात, की काही क्षण आपल्यालाच वाटू लागते, रुग्ण आले तर या नीटनेटक्या कारभाराचा विचकाच होईल. विनोदाचे हे तर्कशास्त्र ‘फॉल्टी टॉवर्स’मधल्या हॉटेलमालक बेसिल फॉल्टीच्या धावपळीपेक्षा वेगळे आहे. इथे कोणी पडत नाही, धडपडत नाही. वाक्ये लांबत जातात आणि मंत्र्यांचा चेहरा उतरत जातो.

‘ओन्ली फूल्स’चा नायक डेल मद्यालयातल्या काउंटरची उचललेली फळी न पाहता रेलायला जातो आणि आडवा पडतो तो १९८९ चा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. मला अधिक मोलाचा वाटतो तो १९८५ चा एक भाग. आजोबांची भूमिका करणारे लेनर्ड पिअर्स १९८४ च्या डिसेंबरमध्ये वारले, तेव्हा लेखक जॉन सलिव्हन यांनी पात्र गुपचूप गायब न करता आजोबांचा दफनविधीच पडद्यावर आणला. डेल आणि त्याचा भाऊ डोळे पुसत आजोबांची टोपी कबरीत टाकतात आणि मग कळते, की टोपी धर्मगुरूंची होती. खऱ्या मृत्यूचे दुःख ताजे असताना असा विनोद लिहिणे धाडसाचे होते. तो दुःखाला धक्का लावत नाही, हे तर त्याहून अवघड.

याच दशकात नवी पिढीही दाराशी आली. २ नोव्हेंबर १९८२ रोजी चॅनल फोर ही नवी वाहिनी सुरू झाली आणि बरोबर आठवड्याने बीबीसी टूवर ‘द यंग वन्स’ने विद्यार्थ्यांच्या गलिच्छ घरात जुन्या संकेतांची मोडतोड आरंभली. तिच्या लेखकांपैकी बेन एल्टन १९८६ मध्ये रिचर्ड कर्टिस यांच्या साथीला आले आणि पहिल्या पर्वात चाचपडणारी ‘ब्लॅकॲडर’ एकदम ताळ्यावर आली. तिचा पहिल्या महायुद्धातल्या, १९१७ च्या खंदकांतला अखेरचा भाग प्रक्षेपित झाला तो २ नोव्हेंबर १९८९ रोजी, चॅनल फोरच्या सातव्या वाढदिवशी. हा निव्वळ योगायोग. त्या भागात तोफा थांबतात आणि कॅप्टन डार्लिंगला वाटते युद्ध संपले. तसे काही झालेले नसते.

ऐंशीच्या दशकात सुमार काही नव्हते असा माझा दावा नाही. ‘अलो अलो’ ही एकच थट्टा १९९२ पर्यंत ताणली गेली, असे माझे मत आहे. तिच्या चाहत्यांनी रागावू नये. त्यानंतरच्या काळातली ‘फादर टेड’ लाजवाब आहे, तर हशाचा आवाज काढून टाकून ‘द ऑफिस’ने २००१ मध्ये जे केले ते अजून पुरते पचलेले नाही. पण या मालिका आपापल्या दशकात काहीशा एकांड्या वाटतात. एकाच काळात जुने उस्ताद आणि नवे बंडखोर दोघेही ऐन भरात आहेत, असे ऐंशीच्या दशकातच दिसते.

लेखात ‘एव्हर डिक्रीझिंग सर्कल्स’चा उल्लेखही नाही, याचे आश्चर्य वाटले. लेखकमहाशय या विषयावर पुन्हा लिहिणार असतील तर मार्टिन ब्राइसला त्यात जागा मिळावी, एवढीच विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक