रोटरी इंजिन: श्रेय आणि झीज

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला रोटरी इंजिनावरचा लेख वाचला. आयटीआयमध्ये सत्तावीस वर्षं मोटर मेकॅनिकची मुलं शिकवलेला मी माणूस. दोन वाक्यं काही घशाखाली उतरली नाहीत. ‘वांकेल यांनी एकहाती बनवलेले इंजिन’ आणि ‘पिस्टन नाही, त्यामुळे झीज नाही’.

जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांचं पहिलं पेटंट १९२९ चं. पण जर्मनीत एनएसयू या वाहन कंपनीच्या कारखान्यात १ फेब्रुवारी १९५७ ला त्यांचं इंजिन सुरू झालं, तेव्हा रोटरबरोबर (पिस्टनऐवजी आत फिरणारा तिकोनी भाग) त्याचं घर, म्हणजे बाहेरचं आवरणसुद्धा फिरत होतं. ठिणगीचा प्लग रोटरवर! तो बदलायचा तर अख्खं इंजिन उघडा. घर जागेवर ठेवून नुसता रोटर फिरवला तो तिथल्याच हान्स डीटर पाश्के यांनी. आपला शर्यतीचा घोडा नांगराला जुंपला, असं वांकेल कुरकुरले. पण १९६४ च्या एनएसयू स्पायडर गाडीत बसलं ते पाश्केंच्या मांडणीचंच इंजिन.

मुलांसाठी मी प्लायवूडचं मॉडेल केलं होतं. दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखं कमरेत दबलेलं घर, आत तिकोनी रोटर. हाताने फिरवलं की एक कप्पा पेट्रोल ओढतो, दुसरा दाबतो, तिसऱ्यात जाळ होऊन धूर बाहेर. “सर, व्हॉल्व्ह कुठायत?” हे दर बॅचला ठरलेलं. व्हॉल्व्ह नाहीतच, राजदूतचा पिस्टन पोर्ट, म्हणजे भिंतीतली भोकं, उघडझाप करायचा, तसं इथे रोटर करतो. त्याचा एक फेरा होईतो शाफ्टचे तीन होतात.

दोन वर्षांत मॉडेलचे कोपरे झिजून बोथट झाले. खऱ्या इंजिनाचं दुखणं नेमकं हेच. रोटरच्या कोपऱ्यावरची सील, म्हणजे गॅस अडवणारी पट्टी, घराच्या भिंतीला जेमतेम एका रेषेत टेकते, तीही सारखा कोन बदलत. जपानी मोटार कंपनी माझदाच्या केनिची यामामोटो आणि त्यांच्या ४७ जणांच्या तुकडीला भिंतीवर आडवे ओरखडे सापडायचे. त्यांना ते सैतानाची नखं म्हणत. कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेली सील जमली, तेव्हा कुठे १९६७ मध्ये त्यांची कॉस्मो स्पोर्ट गाडी बाजारात आली.

आणि हो, लेखातल्या चित्रात रोटर घराच्या बरोब्बर मधोमध फिरतोय. तसा बसवला तर पाव फेऱ्याच्या आत कमरेशी अडकेल. मॉडेल अजून माळ्यावर आहे. तुमच्या चित्रकाराला सवडीने पाठवा.

— एक निवृत्त शिल्प निदेशक, कोल्हापूर