संकेतस्थळ उभारले, पुढे देखभाल कोण करणार?

महोदय,

आमच्या भागातील एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर अजूनही वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवणाऱ्या प्रणालीची ४.२ ही आवृत्ती चालू असल्याचे नुकतेच माझ्या पाहण्यात आले, म्हणून हे पत्र. फिनलंडचे संगणक-सुरक्षा संशोधक यौको प्यून्नोनेन यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले होते की, या आवृत्तीत ६४ किलोबाइटपेक्षा मोठी प्रतिक्रिया लिहिली, तर डेटाबेस ती मधेच छाटतो, त्यामुळे टॅग (पानाची मांडणी सांगणारी खूण) अर्धवट राहतो आणि हल्लेखोराने त्यात दडवलेली जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सूचना), व्यवस्थापकाने ते पान उघडताच, त्याच्याच अधिकाराने चालते. म्हणजे पासवर्ड बदलणे किंवा नवे व्यवस्थापक खाते उघडणे हे त्याच्या नकळत घडू शकते. यावरचा उपाय असलेली ४.२.१ ही आवृत्ती २७ एप्रिल २०१५ रोजीच, तीही विनामूल्य, उपलब्ध झाली. वर्डप्रेसमध्ये अशा किरकोळ सुधारणा आपोआप बसण्याची सोय २०१३ पासून आहे. मात्र ‘मांडणी बिघडेल’ या भीतीने ती बंद करून ठेवलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे, आणि हे मला फार गंभीर वाटते. संस्थांनी संकेतस्थळाचे काम देतानाच पुढील देखभालीची जबाबदारी करारात लिहून घ्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा