यंत्रात निपचित पडून राहिलात, त्याबद्दल

अनोळखी मित्रांनो आणि मैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

नैराश्याच्या संशोधनासाठी मेंदूच्या स्कॅनच्या यंत्रात पडून राहिलेल्या तुम्हा लोकांची नावं मला माहीत नाहीत, कळणारही नाहीत. शोधनिबंधात तुम्ही म्हणजे एक वय, स्त्री की पुरुष आणि नैराश्याच्या मोजपट्टीवरचा एक आकडा. नाव गुप्त ठेवायचं हा नियमच आहे आणि तो योग्यच आहे. तरी हे पत्र तुम्हालाच. मेंदूच्या संशोधनाचं कौतुक निघालं की लोक शास्त्रज्ञांचे आभार मानतात, फार तर यंत्राचे. यंत्राच्या आत पडून होते ते राहूनच जातात.

मी सातारा जिल्ह्यात मानसोपचाराच्या ओपीडीत समुपदेशक आहे. आमच्याकडे अधूनमधून कुणीतरी एमआरआयच्या फिल्मचा भलामोठा लिफाफा काखोटीला मारून येतं. मध्यंतरी एक वडील आले. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी फिल्म काढून ट्यूबलाइटसमोर धरली. म्हणाले, ‘‘मॅडम, सगळं नॉर्मल हाय म्हणत्यात. मग पोरगी अंथरुणातनं उठत का न्हाई?’’ पोरगी मागे भिंतीला टेकून आपल्या चपलेकडे बघत उभी होती. रिपोर्ट नॉर्मल आला की घरात दोनच अर्थ निघतात: एक तर पोरगी ढोंग करतेय, नाहीतर बाहेरचं काहीतरी आहे. पहिल्याला शिव्या, दुसऱ्याला देवऋषी.

मी त्यांना म्हटलं, ‘‘काका, घराचा नकाशा बघून घरात भांडण चाललंय का ते कळतं का? ही फिल्म म्हणजे नकाशा. भिंती शाबूत आहेत एवढंच ती सांगते. गाठ नाही, रक्तस्राव नाही, चांगलंच झालं. पण आजार खरा आहे.’’

हे मी छातीठोकपणे म्हणू शकते ते तुमच्यामुळे.

तुम्ही काय केलंत ते जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडच्या वाचकांना त्याची कल्पना नसते. ज्या माणसाला सकाळी उठून तोंड धुणं हाच डोंगर वाटतो, तो माणूस वेळ पाळून दवाखान्यात पोचला. अंगावरचं सगळं धातूचं काढून ठेवलं. (आमच्या बायकांना मंगळसूत्र, जोडवी आणि परकराला लावलेली सेफ्टी पिनसुद्धा काढावी लागते, आणि पिन हमखास राहते.) कानात बोळे, चेहऱ्यावर पिंजऱ्यासारखी कॉइल, हातात घाबरल्यास दाबायचा रबरी फुगा. मग त्या बोगद्यात ठकठक, घर्रघर्र ऐकत पडून राहायचं, डोकं जराही न हलवता. दोन-तीन मिलिमीटर हललं तरी ते मोजमाप बिघडतं, कारण फंक्शनल एमआरआय पकडतं ते मेंदूतल्या रक्तातल्या प्राणवायूचे अगदी बारीक फरक. पेट स्कॅन असेल तर शिरेतून किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन आणि मग अर्धा तास गप्प पडणं, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती साखर खातो ते दिसावं. आणि हे सगळं स्वतःच्या इलाजासाठी नाही! डोक्यात जे काही चालू होतं ते चालू असतानाच तुम्ही पडून राहिलात.

तुमच्यातल्या काही जणांना तर आजारही नव्हता. मेंदूतज्ज्ञ हेलन मेबर्ग यांच्या गटाचा १९९९ सालचा अभ्यास मला यासाठी फार आवडतो. त्यात निरोगी माणसांनी स्वतःच्या आयुष्यातला एखादा दुःखाचा प्रसंग लिहून आणला आणि तो आठवत, रडवेलं होत ते पेट यंत्रात पडले. कपाळाच्या मागे, मध्यरेषेवर खोल असलेल्या एका पट्ट्यात, ब्रॉडमन या शास्त्रज्ञाने मेंदूच्या भागांना क्रमांक देऊन केलेल्या नकाशातल्या २५ क्रमांकाच्या भागात, रक्तप्रवाह वाढला. वरच्या, विचार-नियोजनाच्या भागात कमी झाला. दुसरीकडे नैराश्याचे जे पेशंट गोळ्यांनी बरे झाले त्यांच्यात नेमकं उलटं घडलं: २५ क्रमांक शांत झाला, वरचा भाग जागा झाला. कुणीतरी परक्या प्रयोगशाळेत जाऊन आपल्या घरातलं दुःख मुद्दाम उकरून काढतं, ते का, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. पण त्यातून ‘दुःख’ आणि ‘आजार’ यांचं नातं पहिल्यांदा इतकं डोळ्यांना दिसलं.

त्याच धाग्यावरून पुढे टोरांटोत सहा जण तयार झाले. गोळ्या, समुपदेशन, शॉक ट्रीटमेंट, सगळं करून दमलेले. त्यांच्या मेंदूत त्याच २५ क्रमांकाच्या भागाशेजारी बारीक तारा बसवल्या, तेही जागेपणी, फक्त जागा बधिर करून. विद्युतप्रवाह सुरू होताच टेबलावरच काहींना एकदम हलकं वाटलं, खोलीतले रंग उठून दिसायला लागले. सहा महिन्यांनी सहांपैकी चौघांची सुधारणा टिकून होती. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभर गाजलं.

माझे खरे आभार मात्र त्यांच्यानंतरच्या नव्वद जणांना. तीच शस्त्रक्रिया, पण या वेळी रीतसर चाचणी: तारा सगळ्यांना बसवल्या, साठ जणांच्या तारांना वीज देणारी बॅटरी चालू, तीस जणांची बंद, आणि कुणाची काय हे त्यांना ठाऊक नाही. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत म्हणावा असा फरक दिसेना. चाचणी मध्येच थांबवली गेली. निकाल २०१७ मध्ये छापून आला. पुढे सगळ्यांच्या बॅटऱ्या चालू ठेवल्यावर दोन वर्षांनी जवळपास निम्म्यांना बराच आराम पडला होता, पण तुलनेला बंद बॅटरीचा गट उरला नसल्याने त्यावरून ठाम काही म्हणता येत नाही. डोक्याला भोक पाडून घेऊन, सहा महिने आशेवर काढून, शेवटी ‘फरक नाही’ हे उत्तर तुम्ही जगाला दिलंत. गाजलेल्या सहांपेक्षा या नव्वदांनी पुढच्या पेशंटांना जास्त वाचवलं असं माझं मत आहे. पुढच्या कामात तार अंदाजाने न बसवता त्या त्या माणसाच्या मेंदूतले दुवे स्कॅनवर बघून बसवण्यावर भर आला.

माझ्या स्वतःच्या कामाला सगळ्यात जवळचा अभ्यास २०१३ चा, अटलांटातल्या एमरी विद्यापीठातला. उपचाराआधी पेट स्कॅन, मग चिठ्ठ्या टाकल्यासारखं काहींना बारा आठवडे एस्सिटॅलोप्राम ही नैराश्याची गोळी, काहींना बारा आठवडे विचार-वर्तन उपचार, म्हणजे बोलून करायचा उपचार. ज्यांच्या मेंदूतल्या उजव्या इन्सुला या भागाची पुढची बाजू सुस्त होती ते बोलण्याच्या उपचाराने बरे झाले, गोळीने नाही. ज्यांची जास्त चालू होती त्यांचं उलट. मी वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. ‘नुसतं बोलून काय होणार मॅडम’ हे वाक्य मी रोज ऐकते. कुणाला बोलून होतं याची खूण मेंदूत असू शकते, ही गोष्ट तुम्ही माझ्या हातात दिलीत. ओपीडीत आज तो स्कॅन करून औषध ठरवता येत नाही, हेही मी त्याच दमात सांगते.

ते सांगावंच लागतं, कारण रंगीबेरंगी मेंदूचं चित्र दाखवून ‘तुमचं डिप्रेशन इथे आहे’ म्हणणाऱ्यांची दुकानं जोरात आहेत. त्यांच्याशी भांडायला दारूगोळाही तुमचाच. २०१६ मध्ये जगभरातले स्कॅन एकत्र केले गेले: १७२८ पेशंट आणि ७१९९ निरोगी. स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस पेशंटांमध्ये सरासरी १.२४ टक्के लहान निघाला. बस्स, एवढाच फरक. हजारोंच्या सरासरीत तो खरा, पण एकट्या माणसाच्या फिल्मवर तो कुणाला दिसणार? २०१७ मध्ये स्कॅनवरून नैराश्याचे चार प्रकार सापडल्याचा गाजावाजा झाला. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या गटाने तीच रीत वेगळ्या पेशंटांवर लावली, तर ते चार प्रकार टिकले नाहीत. आणि २००९ साली काही खट्याळ संशोधकांनी मेलेला सॅमन मासा यंत्रात ठेवून, त्याला माणसांचे फोटो दाखवून, त्याच्या मेंदूतही ‘हालचाल’ शोधून दाखवली होती. आकडेमोडीत ढिलाई केली की काय होतं ते दाखवायला. हा किस्सा सांगितला की आमचे मासेखाऊ नातेवाईक लगेच समजतात.

अलीकडे, २०२४ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका गटाने उलटी वाट धरली. हजारोंची सरासरी काढण्याऐवजी मोजक्या माणसांचे पुन्हा पुन्हा, बरं असतानाचे आणि वाईट असतानाचेही स्कॅन. मेंदूत ‘कशाकडे लक्ष द्यायचं’ हे ठरवणारं एक जाळं असतं. नैराश्य असलेल्या बहुतेकांमध्ये त्याने जवळपास दुप्पट जागा व्यापलेली निघाली, आणि मूड सुधारो की बिघडो, तिचा आकार फारसा हलला नाही. परत परत त्या बोगद्यात गेलात, चांगल्या दिवशी आणि नको नको वाटणाऱ्या दिवशीही, म्हणून हे कळलं.

आता एक तक्रार, तुमच्याबद्दल नाही, तुमच्या वतीने. बहुतेक अभ्यास अमेरिका-युरोपातले. आपल्याकडे बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेसारख्या ठिकाणी काम चालतं, पण ऊसतोडीहून परतलेली बाई, कर्जात बुडालेला शेतकरी त्या यंत्रात क्वचितच पोचतात. आणि जे पोचतात, त्यांना पुढे काय निघालं ते कुणी कळवत नाही. निबंध इंग्रजीत छापला जातो, संशोधकाला बढती मिळते, पडून राहिलेला माणूस आपल्या घरी असतो. संमतीपत्र पेशंटच्या भाषेत देतात, तसं निकालाचं एक पानही त्याच भाषेत घरपोच गेलं पाहिजे. माझ्या ओळखीत कुणी अशा अभ्यासात जात असेल तर मी त्याला सही करण्याआधी हे मागून घ्यायला सांगते, आणि ज्यांच्यापर्यंत ते पान पोचलं नाही त्यांच्यासाठी त्यातला थोडा भाग वर लिहिला आहे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

तुमची ऋणी,
ओपीडीतली एक समुपदेशक