रविवारची वाट न पाहता

प्रिय सोन्या,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आठवडा नुसता कामात गेला, कुठे जाणंच झालं नाही." मित्रांबरोबर लांब कुठेतरी जायचं तुमचं महिनाभर ठरतंय आणि दर वेळी कुणाचं तरी काहीतरी निघतं, हेही कळलं. अरे, सगळ्यांच्या सवडीचा रविवार शोधता शोधता थंडी संपून जाईल! म्हणून आमचा हा आठवडा कसा गेला ते लिहिते. मोठं असं काहीच घडलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

बाबांनी सध्या फरशीवर खडूने रेघा मारायचा उद्योग काढलाय. दक्षिणेच्या खिडकीतून भर दुपारी ऊन जिथवर आत येतं तिथे रेघ, बाजूला तारीख. या दिवसांत सूर्य दक्षिणेला कललेला, त्यामुळे ऊन तिरकं होऊन घरात खोलवर शिरतं. उन्हाळ्यात हीच खिडकी उन्हाला उंबरठ्याशीच अडवते. 22 डिसेंबरच्या सुमारास ते सगळ्यात आत पोचेल आणि मग माघारी फिरेल. सुरुवातीच्या रेघा चांगल्या वीतभर अंतराने आहेत, आता मात्र दोन रेघांमध्ये बोटही मावत नाही. फडकं घेऊन त्या बाजूला कुणी फिरकलं की बाबा हातातलं काम टाकून धावत येतात. मला त्या रेघांशी घेणंदेणं नाही. मी खुर्ची टाकून ऊन खात वाचत बसते, पाय सावलीत गेले की खुर्ची सरकवते. जेवणानंतरचा तो अर्धा तास कुणी मागितला तर मी देणार नाही. बाबांचं पालुपद ठरलेलं: जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, जुलैपेक्षा जवळजवळ 50 लाख किलोमीटरने जवळ, आणि तरी तू शाल गुंडाळून बसतेस! थंडी पृथ्वीच्या कलण्याने येते, अंतराने नाही, हे मला आता पाठ झालंय.

बुधवारी सकाळी दाट धुकं होतं. रात्री आभाळ स्वच्छ असलं, वारा पडलेला असला की जमिनीची ऊब भराभर निघून जाते आणि पहाटे असं धुकं धरतं. अशा वेळी पांघरूण सोडवत नाही खरं, पण गेलो. समोरून येणारा माणूस आधी आवाजाने कळत होता, मग दिसत होता. कुंपणाच्या तारांवर कोळ्यांची जाळी दवाने भरली होती. इतकी जाळी तिथे आहेत हे एरवी लक्षातही येत नाही. वाकून पाहिलं तर एकेका धाग्यावर थेंब ओळीने लागलेले. एकाला हलकेच बोट लावलं, तो शेजारच्याला जाऊन मिळाला आणि दोघं एकदम घरंगळले. कोळी एका कोपऱ्यात अंग चोरून बसला होता, त्यालाही थंडी असावी. मग तोंडातून वाफ कोण लांब सोडतो यावर आमची पैज लागली. या वयात! एक शाळकरी पोरगा आमच्याकडे बघत थांबला आणि तोही फू-फू करत पुढे गेला.

मधले दोन दिवस कामाचेच होते. वाचनालयातून परतताना एक स्टॉप आधी उतरून चालत आलो, तेवढंच. उजेड होता म्हणून जमलं. दिवस अजून लहान होतोय, पण संध्याकाळ मात्र लांबायला लागलीय. सूर्यास्त 22 डिसेंबरच्या आधीपासूनच उशिरा व्हायला लागतो आणि सूर्योदय जानेवारीतही मागे मागे जात राहतो. तेव्हा सकाळी उठवत नाही ही तुझी तक्रार मी निम्मी मान्य करते.

14 डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतून उल्का पडतात, त्यासाठी कानटोप्या घालून गच्चीवर गेलो. बहुतेक उल्का धूमकेतूच्या धुळीच्या, या मात्र फेथन नावाच्या लघुग्रहाच्या. एक मी पाहिली, ती बाबांची हुकली, आणि त्यावरून ते अजून धुसफुसताहेत. पण त्या निमित्ताने मृग नक्षत्र निवांत पाहिलं. मधल्या तीन ताऱ्यांच्या एका बाजूला तांबूस काक्षी, दुसऱ्या बाजूला निळसर पांढरा राजन्य. त्या तिघांची रेघ खाली वाढवली की लखलखता व्याध. व्याधाचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साधारण साडेआठ वर्षं लागतात. म्हणजे तो तिथून निघाला तेव्हा तू दहावीच्या गणिताशी झगडत होतास.

त्या तिघांची रेघ उलट्या बाजूला वर नेलीस की आधी रोहिणी लागेल, तिच्याही पुढे कृत्तिकांचा पुंजका. त्यात नुसत्या डोळ्यांनी किती तारे दिसतात यावर आमचं एकमत होत नाही. बाबा म्हणतात सहा, मी सातवर ठाम आहे. ऑफिसातून आल्यावर गच्चीत जा आणि मोजून कळव. फोन खिशात ठेव. डोळे अंधाराला सरावायला निदान वीस मिनिटं लागतात, मध्येच स्क्रीन पाहिलीस तर पुन्हा पहिल्यापासून. आणि स्वेटर घाल, नुसता टी-शर्ट घालून जाऊ नकोस.

तुझी,
आई