आखाजीची गाणी आणि नवा इंटरफेस
हॅम्बुर्ग, ११ फेब्रुवारी

ती. अप्पा व आई यांच्या चरणी साष्टांग नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे. कळण्याचे पीठ अजून दीड किलो शिल्लक आहे, तेव्हा आईने जेवणाची काळजी करू नये.

अप्पा, गाणी हल्ली मोबाइलवरही रेकॉर्ड होतात, मग स्टुडिओच्या मालकांनी माइकचा आवाज संगणकात नेणाऱ्या यंत्रावर, म्हणजे इंटरफेसवर, एवढी रक्कम का घालावी आणि निवडीची जबाबदारी मी का अंगावर घ्यावी, असे आपण विचारले होते. ती जबाबदारी मी मागून घेतली.

२०१४ ची आखाजी आपल्याला आठवत असेल. आजी ओसरीवर झोक्याची गाणी म्हणत होती आणि मी ती जळगावहून आणलेल्या १६ बिटच्या रेकॉर्डरवर घेत होतो. यंत्राची खरखर झाकावी म्हणून मी पातळी चढी ठेवली, आणि शेवटच्या कडव्याला आजीने आवाज उचलताच तो फाटला. डिजिटल ध्वनिमुद्रणात मर्यादेपलीकडचा आवाज नोंदलाच जात नाही, लाटेचा माथा सपाट कापला जातो. नंतर तो फार तर अंदाजाने भरता येतो. पुढच्या आखाजीला आजी नव्हती.

म्हणून २४ बिट ही माझी पहिली अट होती. एका बिटमागे हळू ते मोठ्या आवाजापर्यंत साधारण ६ डेसिबलचा वाव मिळतो, त्यामुळे पातळी मर्यादेच्या १८ डेसिबल खाली ठेवली तरी गायकाचा श्वाससुद्धा स्वच्छ येतो. ही सोय आज बहुतेक यंत्रांत असते. खरा खल झाला तो उशिरावर. संगणक आवाजाचे नमुने, म्हणजे क्षणाक्षणाची मोजमापे, बफर नावाच्या तात्पुरत्या साठ्यात भरून मगच पुढे देतो. सेकंदाला ४८,००० नमुने आणि ५१२ चा बफर धरला, तर एका बाजूलाच सुमारे ११ मिलिसेकंद जातात. जाता-येता तो उशीर दुप्पट होतो आणि हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून ऐकणारा गायक तालातून सुटतो. बफर ६४ वर आणला तर संगणकाची दमछाक होऊन मध्येच टकटक उमटते. म्हणून गायकाचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनकडे वळवणारा १६ माइकांचा इंटरफेस आम्ही घेतला. मालकांना सेकंदाला ९६,००० नमुने, म्हणजे ९६ किलोहर्ट्‌झ हवे होते. मी ४८ वरच ठाम राहिलो, कारण माणसाच्या कानाला तेवढे पुरते आणि १६ ट्रॅकच्या तासाभराला तेव्हाही ८.३ जीबी लागतातच. सॉफ्टवेअर याच शहरातल्या स्टाइनबर्गचे क्यूबेस राहिले.

जुना इंटरफेस ठणठणीत होता, पण त्याच्या कंपनीने ड्रायव्हर, म्हणजे यंत्र संगणकाशी जोडणारे सॉफ्टवेअर, देणे थांबवले आणि तो अडगळीत गेला. त्यामुळे कोणती कंपनी आपली जुनी यंत्रे किती वर्षे चालती ठेवते, हे मी किमतीच्याही आधी पाहिले. अप्पा, एवढी चौकशी आपण बैलजोडी घेतानाही करत होता, म्हणून मी घाईने निर्णय घेतला असे कृपया मानू नये.

इथली एक रीत मात्र आपल्याला खरी वाटणार नाही. रविवारी इथे शांतता पाळावी लागते. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, ड्रिल चालवायचे नाही, इतकेच काय, काचेच्या रिकाम्या बाटल्यासुद्धा चौकातल्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण त्या आत पडताना खळखळतात. पेटीवर तशा वेळा लिहिलेल्या असतात. मी पिशवी घेऊन गेलो तेव्हा शेजारच्या आजींनी ती पाटी बोटाने दाखवून मला परत पाठवले. त्या रागावल्या नव्हत्या. आम्हीही रविवारी ढोल-ड्रम घेत नाही. आठवड्यात घेतलेले हेडफोनवर ऐकतो.

नवी यंत्रणा बसवायची आहे ती नेमकी धाकटीच्या साखरपुड्याच्या आठवड्यात, म्हणून मला येता येणार नाही. लग्नाला नक्की येईन. या महिन्यात २०,००० रुपये कमी पाठवत आहे, कारण स्वतःसाठी दोन माइकांचा लहान इंटरफेस घेतला. तो लग्नाला सोबत आणीन. हळदीच्या रात्री मावशी आणि आत्या गातील ते नीट घ्यायचे आहे; आजीची कोणती गाणी त्यांना येतात ते आतापासून विचारून ठेवावे. मंडपाचा खर्च अडत असेल तर लगेच कळवावे, मी तजवीज करीन.

शिरपूरच्या स्थळाला माझ्यासाठी थांबवून ठेवू नये. दोन वर्षे तरी मला इथून हलता येणार नाही. आईला हे आपणच सांगावे. फोनवर मला ते बोलवले नाही.

आपला,
बाळू