ताई, करंड्यांची झाकणं बसली गं!

ताई, फोनवर बोलायला गेले की तू “बास गं, पुरे” म्हणून ठेवून देतेस, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. आता ठेव फोन.

पहिल्या दिवशी मी तुला अहो-जाहो केलं तर म्हणालीस, हातात चिखल असताना कसलं अहो-जाहो. तर अगं ताई, गौरीच्या हळदीकुंकवाला माझे 21 करंडे वाटून झाले, झाकणांसकट! आणि ते फक्त तुझ्यामुळे आणि आपल्या मातीकामाच्या स्टुडिओतल्या गँगमुळे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ताई आम्हाला मातीकाम शिकवते. माझा टू बीएचके भाड्याचा, तिथे कुठली भट्टी लावणार, थ्री फेज लाईन मागितली तर घरमालक मलाच भाजेल. त्यामुळे आम्ही 10-12 जण एकच भट्टी वापरतो, आणि एकाची चूक झाली की सगळ्यांची भांडी गोत्यात. ती चूक मी केली. भर पावसाळ्यात, पुण्याच्या त्या दमट हवेत, झाकणांना छान जाडजूड भरीव मुठी केल्या आणि चार दिवसांत “वाळलं” म्हणून भट्टीत जाणाऱ्या भांड्यांच्या शेल्फवर ठेवून दिलं. भाजून झाल्यावर भट्टी उघडली तर 9 झाकणांचा चुरा, बाकीच्यांना तडे, तुकडे लोकांच्या मगांमध्ये, आणि आमच्यातल्याच एका आजींच्या किटलीची तोटी गेलेली. मला रडूच आलं. आजी काय म्हणाल्या, “राहू दे गं, तोटी तशीही वाकडीच होती.” (नव्हती वाकडी. मी बघितली होती.)

मी आपली म्हणतेय, हवेचा बुडबुडा राहिला असेल. तू म्हणालीस, हवा नाही गं बाई, पाणी. शंभर डिग्रीला पाण्याची वाफ होते, ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते, तुझ्या त्या भरीव मुठीतून ती जाणार कुठून? मग एक कच्चा मग उचलून माझ्या गालाला लावलास. गार लागला. “गार म्हणजे ओला.” बस, एवढंच शिकवलंस, ओरडली नाहीस, आता मी प्रत्येक भांडं गालाला लावते, नवरा हसतो.

रविवारी तर कमालच. केशवनगरच्या कुंभारकाकांना तू बोलावून घेतलंस, त्यांनी खराट्याची काडी करंड्याच्या तोंडाच्या मापाने मोडली, वर बोटभर जास्त ठेवली कारण माती वाळताना आणि भाजताना आकसते, आणि एकाच गोळ्यावरून झाकणामागून झाकण काढत गेले. मी मुठी पोकळ करत होते, रिटायर्ड बँकवाले काका माती मळत होते, आर्किटेक्चरचा पोरगा चहा आणत होता. चहा जरा जास्तच गोड होता पण असो. 24 काढली, 3 बसली नाहीत, 21 बसली, म्हणजे काकांनी तो हिशोब आधीच केला होता की काय कोण जाणे.

झाकणं वाळून भट्टीत गेली त्या रात्री, भट्टी 80 डिग्रीवर, तिचं दार जरा उघडं ठेवून, ओल जाईपर्यंत तू तिथेच बसलीस. मी म्हटलं मी थांबते, तर चंद्रपूरकडच्या भद्रावतीच्या गोष्टी काढल्यास, कृष्णमूर्ती मिरमिरांनी कुंभारांसाठी उभ्या केलेल्या त्या ग्रामोदय संघातल्या, आणि अकरा वाजता मलाच रिक्षात बसवलंस. पहाटे मेसेज आला, “573 पार, झोपते आता.” (म्हणजे भट्टी 573 डिग्रीच्या पुढे गेली, तडे जायची धोक्याची जागा ओलांडली.) लाईट बिलाचं विचारलं तर ऐकू न आल्यासारखं केलंस.

आजींना नवी किटली करून देतेय, तोटी सरळ करायचा प्रयत्न चालू आहे. शनिवारी येते, रीक्लेमची, म्हणजे उरलेली माती परत वापरायला भिजवायची, ती वास मारणारी बादली या महिन्यात माझ्याकडे. तुझा करंडा बाजूला ठेवलाय, निळ्या ग्लेझचा, बाविसावा.