फिजिओ मॅडम, त्या दिवशी तुम्ही उभ्या राहिलात म्हणून

मॅडम, नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहितीये. तोंडावर नीट थँक्यू म्हणता आलं नाही म्हणून इथे लिहितोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

तुमच्याआधी कमरेची फाईल घेऊन बरेच उंबरे झिजवले. एका मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता फिल्म उजेडात धरली, डिस्क बल्ज आहे (म्हणजे मणक्यांमधली गादी जरा बाहेर फुगलेली), वाकू नका, नेक्स्ट. दुसऱ्यांनी रिपोर्ट चाळून सांगितलं की एवढं दुखायला नको खरं तर, टेन्शन घेऊ नका. अहो बँकेत मार्च एंडिंग, डोक्यावर ऑडिट, घरी वडील डायलिसिसवर, टेन्शन काय मी हौसेने घेतो? म्हणजे मी नाटक करतोय असंच ना!

तुमच्याकडे आलो तेव्हा मला बसवत नव्हतं. तुम्ही बसा म्हणालात, मी खुर्चीची पाठ धरून तसाच, तर तुम्ही पेन ठेवलंत आणि स्वतःच उठलात, आणि पुढचं सगळं बोलणं आपण खिडकीपाशी उभ्यानेच केलं. बास, एवढंच. बाहेर पेशंट खोळंबलेले, रिसेप्शनवाली डोकावून गेली, तुम्ही हलला नाहीत. एमआरआय अजून पाकिटातच होता. आधी विचारलंत झोप लागते का, घरी काय चाललंय. तिथे माझा घसा दाटला, खोटं कशाला बोलू.

मग म्हणालात, दुखणं खरंच आहे. कमरेतून वर जातो तो नुसता अर्ज, शेरा मारतो मेंदू, आणि मेंदू कायम धास्तावलेला असला की साध्या अर्जावर पण 'तातडीचे' लिहितो. बँकवाल्याला हे लगेच कळलं! मेंदूतून मणक्याकडे जे निरोप खाली येतात ते दुखणं दाबू पण शकतात आणि वाढवू पण शकतात, अचानक जिवावर बेतलं तर बऱ्याचदा दाबतात, पण ताण महिनोन्महिने राहिला, झोप उडाली की तीच यंत्रणा उलटी फिरते.

मग मी घरी वाचत सुटलो. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी इटलीत बघितलं की गंभीर जखमी सैनिकांपैकी बरेच जण विचारलं तरी दुखण्याचं औषध नको म्हणत होते, १९४६ साली त्यांनी ते लिहिलं. बीचर यांचं म्हणणं, सैनिकाला जखम म्हणजे रणांगणातून सुटका, म्हणून दुखणं कमी जाणवायचं. आणि तो बल्ज ज्याने माझी झोप उडवली, २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यानुसार पाठ अजिबात न दुखणाऱ्या चाळिशीतल्या लोकांमध्ये पण साधारण ५० टक्के जणांना तो असतो. हे एक वाक्य त्या मोठ्या डॉक्टरांना सांगता आलं नसतं का?

हुशार माणसं ढिगाने आहेत हो, समोरच्याला बसवत नाहीये हे दिसणारी कमी. परवा पेन्शनच्या रांगेतल्या एका आजींना मी आत बोलावून खुर्ची दिली, आमचा शिपाई बघतच राहिला.

कंबर अजून दुखते, ऑडिटवाले आले की जास्तच. पण आता घाबरून आडवा होत नाही, चक्कर मारून येतो, वडिलांच्या डायलिसिसला भावाबरोबर पाळ्या लावल्यात, झोप बरी आहे. आमच्या शाखेतले दोघं मान धरून तुमच्याकडे येतायत. रिपोर्टची जाडजूड फाईल आणतील, पण त्यांना पण आधी मार्च कसा गेला तेच विचारा.